कड्यावरचा लाल ठिपका

आम्ही तिघं निघालो होतो ते दादाला शोधायला: मी, वहिनी आणि वाटाड्या काका. गरुडाच्या घरट्याचा फोटो काढायला म्हणून दादा कड्यावर गेला, तो परतलाच नव्हता. मी त्याची धाकटी बहीण. पासपोर्टचे फोटो काढून पोट भरते. डोंगर काही बापजन्मी चढले नव्हते! तरी स्टुडिओतला भरपूर मेगापिक्सेलचा कॅमेरा गळ्यात अडकवला. त्याचा फोटो कितीही मोठा केला तरी बारीकसारीक दिसतं.

पहिल्याच घसरणीवर काकांची दुर्बीण फुटली. पुढे ओढ्याच्या पाण्यात वहिनी वाहूनच जायची, काकांनी मनगट धरलं म्हणून वाचली. अखेर कडा समोर आला. काळाकुट्ट, निम्मा ढगात बुडालेला. आमच्या हाका वाऱ्यात विरून जात होत्या.

"फोटो काढ," वहिनी म्हणाली. "मोठा करून बघू."

उजेड कमी, हात गारठलेले. फोटो हलू नये म्हणून शटर झटकन मिटायला हवं होतं, म्हणून मी आयएसओ पार वर नेला. त्याने अंधारातही फोटो उजळ येतो, पण सगळीकडे रव्यासारखे रंगीबेरंगी दाणे उठतात. हे मला रोजचंच ठाऊक. पण घाईत कोण विचार करतंय! फोटो मोठा केला. दाणेच दाणे. आणि डाव्या घळीत एक लाल ठिपका!

"त्यांचं जाकीट!" वहिनी धावलीच.

घळ चढण्यात दुपार गेली. दगड निसटत होते. वहिनीचा गुडघा फुटला. वर पोचलो तर नुसता खडक! तो ठिपका कड्यावर नव्हताच, फोटोतल्या दाण्यांत होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा खाली त्याच जागी आलो, तेव्हा उजेड आणखी उतरला होता.

"आता काय दिसणार?" काका म्हणाले.

"आयएसओ कमी ठेवते. शटर बराच वेळ उघडं राहील. कॅमेरा केसभरही हलता कामा नये!"

मघाशी घाईत पाठीवरच राहिलेला ट्रायपॉड रोवला. काकांनी दगड भरलेली पिशवी त्याला टांगली आणि दोघं वाऱ्याला अडवून उभे राहिले. टायमर लावला. हात काढला. शटर उघडलं. वाऱ्याचा झोत आला! काका डगमगले. वहिनी हलली नाही. शटर मिटलं.

"आणखी एक," मी म्हणाले. "नुसता दाणा असेल तर दुसऱ्या फोटोत त्या जागी दिसणार नाही. माणूस असेल तर दिसेल."

दोन्ही फोटो मोठे केले. उजव्या सुळक्याखाली चिखलाने माखलेलं कुणीतरी बसलं होतं. दोन्हींत, त्याच जागी! फक्त हाताशी सगळं पुसट झालं होतं.

"हात हलवतायत गं ते!" वहिनी ओरडली आणि रडायलाच लागली.

काका मागच्या बाजूने सुळक्यावर चढले आणि दोराने त्याच्यापर्यंत उतरले. दादाचा पाय मोडला होता, ओठ फुटले होते. त्याचा कॅमेरा वर कपारीत अडकलेला दिसत होता, घरट्याजवळच.

"राहू दे तिथेच," वहिनी म्हणाली. खाली आल्यावर दादाने मला विचारलं, "दुपारी तुम्ही समोर दिसलात. मी हात करत होतो. मग उलट्या बाजूला का गेलीस गं?"

तो पहिला फोटो मी अजून पुसलेला नाही. कुठे पाहायचं ते आता ठाऊक आहे. तरीही त्या दाण्यांत दादा मला सापडत नाही.