बाइंडरची नोंद

जिन्यात त्यांची गाठ पडली. ती जेवणाची सुट्टी संपवून वर निघाली होती आणि तो दुसऱ्या मजल्यावर, हातात चार कागद धरून, दारांवरच्या पाट्या वाचत उभा होता. वेबसाइटींची सूची काढतात ते ऑफिस कुठलं, असं त्याने विचारलं. तिसरा मजला, ती म्हणाली. तिथे नोंदी नाकारणारी एक बाई बसते, तिला भेटायचंय, तो सांगू लागला. चारही वेळा तेच एक वाक्य लिहून पाठवलंय तिने, काळीज पुठ्ठ्याचं असणार, आणि पुठ्ठ्यातलं आपल्याला चांगलं कळतं... आपण बाइंडर आहोत. ती त्याला वर घेऊन गेली, दार उघडलं आणि खिडकीजवळच्या टेबलामागे आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

"बोला," ती म्हणाली.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कागद टेबलावर ठेवत तो हळूच म्हणाला, "चार वेळा नापास झालो, बाई. त्याचं काही नाही. पण कुठल्या विषयात, तेवढं तरी सांगा—"

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

लहान दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या वेबसाइटी गटागटाने मांडून ठेवणारी ती सूची होती. लोक आपली वेबसाइट पाठवत, आणि घ्यायची की नाही ते ती ठरवी. नोंद कशी पाठवायची याच्या सूचना होत्या, पण त्या वाचता वाचता माणसाला डुलकी लागावी अशा. तक्रारींनी साहेबांचे कान किटले होते. महिन्याभरात सगळ्या सूचना नव्याने, सोप्या भाषेत लिहून काढा, असं त्यांनी त्याच आठवड्यात तिला बजावलं होतं. तिला वाचून बघणारा कुणीतरी हवा होता, आणि तो आपल्या पायांनी जिना चढून आला होता.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. बोटांना खळ लागलेली असे, म्हणून कागदाला हात न लावता मान पुढे करून वाची. जुन्या सूचनांतल्या 'यथोचित प्रवर्गात' पाशी तो पहिल्याच दिवशी अडला. म्हणजे योग्य गटात, तिने सांगितलं. मग तसंच लिहा ना, तो म्हणाला, सोपं लिहिलं तर काय पगार कापतात? त्याने आपली नोंद 'पुस्तके' या गटात पाठवली होती, जायला हवी होती 'दुरुस्ती'मध्ये. वर 'शहरातलं सर्वोत्तम बाइंडिंग' असंही ठोकून दिलं होतं. तिने नवी ओळ लिहिली: तुमचं काम काय ते एका वाक्यात सांगा, स्वतःची स्तुती नको.

"आणि दुसऱ्याची केली तर... चालेल?"

"कुणाची?"

"नियम विचारतोय फक्त," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

तिने मान खाली घातली आणि तीच ओळ पुन्हा एकदा टाइप केली.

एके दिवशी तिने त्याच्याकडे एक जाडजूड शब्दकोश दुरुस्तीला दिला. पाठ सुटलेली, पानं लोंबणारी. पहिल्या पानावर एका पुरुषाचं नाव होतं. त्याने विचारलं नाही, तिनेच सांगितलं. नवरा. चार वर्षं झाली. साध्या तापाने हॉस्पिटलात गेला आणि नऊ दिवसांत संपला. आता घरी ती आणि सासूबाई, दोघीच.

शब्दकोश द्यायला तो घरी आला. सासूबाईंनी चहा केला आणि त्याला आडून आडून बरंच काही विचारून घेतलं. तो गेल्यावर म्हणाल्या, माणूस सरळ दिसतो. आणि आज तू घरात गुणगुणत होतीस, हे तुला तरी कळलं का?

सूचना पुऱ्या झाल्या. इतक्या सरळ की साहेबांनीही त्या शेवटपर्यंत वाचल्या. त्या पाळून आलेली पहिली नोंद बाइंडरचीच होती: 'जुनी, भिजलेली, फाटलेली पुस्तकं सोडवून पुन्हा शिवतो.' एक शब्द इकडचा तिकडे करण्याजोगा नव्हता. तिने ती स्वीकारली.

तीन आठवड्यांनी तो तीन मजले धावत चढून आला. समुद्रापलीकडच्या एका ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. हजारो पुस्तकं. माणूस शोधता शोधता त्यांना तिच्या सूचीतली ती ओळ सापडली होती, आणि त्यांनी त्याला बोलावलं होतं, निदान तीन वर्षांसाठी. सांगताना तो हसत होता. मग ते हसू हळूहळू मावळलं.

"तुम्ही... याल?" त्याने विचारलं. "लग्न करून म्हणतोय मी."

"आई आहेत," ती एवढंच म्हणाली.

घरी हे कळलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं. आपण धाकट्या बहिणीकडे आनंदाने राहू, दोघी भांडायला मोकळ्या, असं त्या म्हणाल्या. सुनेने नकारार्थी मान हलवली, तसा त्यांचा आवाज चढला.

"माझं नाव पुढे करू नकोस, पोरी. मी तुझ्या पायातली बेडी नाही. तू घाबरतेस."

त्या रास्त बोलल्या होत्या, म्हणूनच ते इतकं लागलं.

तो निघणार त्या दिवशी सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. भिंतीवरचे खिळे रिकामे झाले होते. तो दाभणं आणि सुऱ्या कापडात गुंडाळत होता. तिला पाहून तो उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती तिला बघवेना.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार. हे सांगायला आले... यायला नाही."

"का?"

"मी एकाला नऊ दिवस रोज थोडं थोडं जाताना पाहिलंय. पुन्हा तसं बघायची छाती नाही माझी. तुम्ही कुठेतरी धडधाकट आहात, एवढं मला पुरेल."

त्याने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मला नाही पुरणार," तो म्हणाला.

तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. त्याने त्यावर आपला हात ठेवला, खळीने खरखरीत झालेला. खाली गाडीवाला हाका मारू लागला, तेव्हाच तो सुटला.

त्याची चार पत्रं आली. प्रत्येकाचं उत्तर ती लिहायला बसे आणि अर्ध्यावर फाडून टाकी. पाचवं आलं नाही.

दोन वर्षांनी सूचीतल्या सगळ्या नोंदी तपासायचं काम निघालं. जो तो आपापल्या पत्त्यावर आहे की नाही, हे प्रत्येकाला विचारायचं होतं. त्यालाही तीच ठरावीक ईमेल गेली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नोंद काढून टाका, त्याने लिहिलं होतं. दुकान आता इथेच थाटलंय. गेल्या महिन्यात लग्न झालं, ती याच ग्रंथालयात काम करते. तुमच्या आईंना नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा करतो.

तिने नोंद काढली. उरलेल्या दुपारभर इतरांच्या नोंदी तपासल्या, एकही चूक न करता.

घरी पोचली तेव्हा सासूबाईंनी पान वाढून ठेवलं होतं. ती बसली, आणि भाजीकडे बघत, जेवढं घडलं तेवढं त्यांना सांगितलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी ताट सरकवलं, गुडघ्यावर हात टेकत शेजारी येऊन बसल्या आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. नवऱ्याच्या वेळी ती रडली नव्हती. सगळे म्हणत, किती खंबीर आहे. आता मात्र ती रडली, लहान मुलीसारखी, हुंदके देत.

"रड," सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "दोघांसाठीही रडून घे."