आखूड पंखांची धाड

पेरणी जितकी लांबेल तितका खांगचा फायदा. हा हिशेब मांडायला गावात कुणालाच पाटी लागली नाही. धान कापून झालं होतं आणि खुंटांमध्ये सांडलेले दाणे त्याची बदकं फुकट टिपत होती. पेरणी झाली की बदकं शिवाराबाहेर.

म्हणून दिव्याखालची परात तुडतुड्यांनी भरली त्या सकाळी हसणारा खांग एकटाच होता, आणि हे सगळ्यांनी पाहून ठेवलं.

मेकाँगच्या या टोकाला पेरणीचा मुहूर्त दिवा काढतो. बांधावर उंच खांबाला दिवा, त्याच्याखाली टांगलेली साबणपाण्याची परात. धानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची धाड येते, परात भरते. धाड ओसरली की सगळं गाव एकदम पेरतं. आधी पेरलं तर रोपं रोगाने खुरटतात. फार थांबलं तर समुद्राचं खारं पाणी कालव्यात चढतं. यंदा परात रिकामी होत आली होती. आणि एकाएकी काठोकाठ!

"दिवा खोटं बोलत नाही," शेतकरी संस्थेचे अध्यक्ष लुओंग काका म्हणाले. "थांबू या."

पीक संरक्षण केंद्रातून दिएप आली. दिवा सांभाळणाऱ्या थोआ मावशीने गाळलेले किडे तिच्यापुढे ठेवले.

दिएपने भिंग लावलं. मागच्या पायावर काट्यांची रांग असलेले हिरवे तुडतुडे एकीकडे करायचे. नडगीच्या टोकाला एकच हलता काटा असलेले दुसरीकडे. त्यांतही पांढऱ्या पाठीचे वेगळे, तपकिरी वेगळे. पण आज बशीत एकच ढीग झाला. सगळे तपकिरी. निम्म्यांचे पंख अर्ध्या पोटावरच संपलेले.

ती मान वर करून दिव्याकडे बघत राहिली.

"मावशी, दिवा पुसता कसा?"

"शिडी लावून. तू चढतेस का?"

"नको. खांगला बोलवा."

खांग बदकं मागे घेऊनच आला.

"बदकं कुठे कुठे चारलीस?"

"सगळीकडे. लुओंग काकांचं नारळींमागचं वावर सोडून. तिथे काका काठी घेऊन उभे असतात."

"का?"

"त्यांचं सुगंधी धान अजून हिरवं आहे. मोठ्या माणसाचं पीक, पिकायलाही सवड लागते."

"बदकं तुडतुडे खातात?"

"ताई, माझ्या बदकांच्या मागून एक जिवंत तुडतुडा शोधून दाखव, एक बदक तुझं!"

दुपारी सगळे बांधावर जमले.

"हे तुडतुडे आलेले नाहीत," दिएप म्हणाली. "कुणीतरी आणून ओतलेत."

"मग खांगनेच!" लुओंग काका ताडकन म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा फायदा आहे?"

"फायदा त्याचा आहे. पण तुडतुडे त्याने आणायचे कुठून?" तिने बशी पुढे धरली. "आखूड पंखांचा तुडतुडा उडू शकत नाही. धानाच्या बुडाशी जन्मतो, तिथेच मरतो. तो एवढा खांब चढला कसा? खरी धाड येते तेव्हा हिरवे, पांढऱ्या पाठीचे, सगळे मिसळून येतात. हे एकाच जातीचे, कुठल्यातरी उभ्या धानातून झटकलेले. खुंटांत बदकांनी काहीच ठेवलेलं नाही. शिवारात उभं धान कुणाचं आहे, आणि तिथे काठी घेऊन कोण उभं असतं?"

सगळे नारळींकडे बघू लागले.

दिएपने तिथे जाऊन धानाच्या एका चुडाखाली बशी धरली आणि चूड हलवला. टपटप पडले. अर्ध्या पोटापर्यंतचे पंख.

"पाट सगळ्यांना एकच," ती म्हणाली. "पेरणीआधी चिखलणीचं पाणी सोडलं की काकांचं धान आडवं होणार. त्यांना सवड हवी होती."

लुओंग काका खाली बसले. "मागितली असती, तर दिली असतीत का?"

"मागून तर बघायचं होतं!" थोआ मावशी कडाडली. "आणि कालव्यात खार चढला असता, तो कुणी प्यायचा? वर या पोराच्या गळ्यात घालायला निघालात!"

संध्याकाळच्या आत पाटाचं दार उघडलं. गावाने एकदम पेरलं आणि खार चढण्याआधी रोपं तरारली. थांबण्याची किंमत गावात कुणाला मोजावी लागली नाही. मोजली ती लुओंग काकांनी, पाण्यात आडव्या झालेल्या हिरव्या धानाने. पेरणी झाल्यावरही खांगला शिवार सोडावं लागलं नाही. नारळींमागे काठी घेऊन आता कुणी उभं नव्हतं, आणि बदकांना सुगंधी धान आवडलं.