दाताची खूण

मूळमापकाच्या पडद्यावर आकडा उमटला: अठ्ठावन्न. रेवणने सुंदरी ओठांवरून खाली घेतली आणि काचेपलीकडे बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराकडे, यानकडे पाहिलं. यानला मघाशी सत्त्याण्णव मिळाले होते. यान याच परदेशी बंदराच्या शहरात जन्मलेला, आणि सुंदरी सोलापूरकडची, सनईची धाकटी बहीण. रेवणच्या घरात ती चार पिढ्या वाजत आली होती. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मशीन बिघडलंय काय ओ मॅडम?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. खासनीस मूळच्या नागपूरच्या. रेवणशी त्या मराठीतच बोलत. "मूळमापकाला डोळे नाहीत, रेवण. कातडीचा रंग त्याला दिसतच नाही, म्हणून तर शहराने तो घेतला. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या एका संशोधकाने तुझ्या गावी एका दुपारी सुंदरीचे नऊ तुकडे ध्वनिमुद्रित केले. आमच्याकडे जुने नमुने तेवढेच. तुझं वादन त्यांच्याशी किती जुळतं, तो तुझा अस्सलांक."

"मग मी कमी कुठं पडलो?"

"वरच्या षड्जावर. तिथे नऊही तुकड्यांत बारीक थरथर आहे. यानने ती सहा वर्षं घोटली. तुझा सूर सरळ जातो. शिवाय तुझ्या मींडेत इथल्या जहाजांचे भोंगे शिरलेत."

"दोन वर्षं बंदरावरच राहतोय की मी. कानात तेच हाय."

संगीतभवनात परंपरावाहकाची एकच जागा होती. तिला नव्वदच्या वर अस्सलांक हवा. जागा मिळाली तर राहण्याचा परवाना, नाही तर महिनाअखेरीस परतीचं विमान. यानला इथे राहायला कसलाच आकडा लागत नव्हता, तरी तो रांगेत पुढे उभा, याचाच रेवणला जास्त राग होता.

खासनीसबाईंनी जुना तुकडा लावला. पहिल्याच सुराला रेवणने ओळखलं. आबा! त्याचे आजोबा. मग षड्ज आला, थरथरला, आणि रेवणला ती सकाळ आठवली. जिच्यात फुंकून सूर निघतो ती आबांच्या सुंदरीची पत्ती पाच वर्षांच्या रेवणने तोंडात घालून चावली होती. दुसरी पत्ती घरात नव्हती, आणि परदेशी पाहुणा दारात उभा. आबांनी नातवाला एक धपाटा घातला आणि चिरलेल्या पत्तीवरच दुपारभर वाजवलं. त्या दिवशी लाज गेली, असं ते मरेपर्यंत म्हणत.

"मॅडम, ती परंपरा न्हाई ओ. फुटकी पत्ती हाय ती. मीच चावली होती."

खासनीसबाईंनी तुकडा थांबवला. "पुरावा आहे?"

"आबा गेले. पत्ती कोण ठेवतंय?"

"आणि नमुने सदोष ठरले तर मापक बाद होईल, जागाही रद्द. कुणालाच मिळणार नाही. शुक्रवारी तुझी दुसरी संधी आहे, एवढंच मी सांगू शकते."

"म्हंजे आमच्या घरची चूक त्या याननं गिरवली तर ती साधना. आन् मी ती सुधारली तर मी भ्रष्ट." रेवणचा आवाज चढला. "माझं तोंड बघून ह्यांना आजोबा पायजेत. त्याचं तोंड बघितलं की लगेच प्रतिभा दिसती!"

शुक्रवारी चाचणीआधी त्याने नवीकोरी पत्ती काढली, दाढेखाली धरली आणि कचकन चावली.

नव्याण्णव.

जागा मिळाली, परवाना मिळाला, जरीचा फेटाही मिळाला. करारात एकच अट होती: दर महिन्याला चाचणी, आणि अंक नव्वदच्या खाली येता कामा नये.

पाच महिन्यांनी संगीतभवनाच्या मोठ्या सभागृहात यानचा कार्यक्रम लागला. रेवण मागच्या दारात उभा राहून ऐकत होता. यानचा षड्ज सरळ, स्वच्छ वर गेला. खाली मींडेत जहाजाचा भोंगा घुमला. लोक उभे राहिले. बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं: 'धाडसी प्रयोग.'

घामाघूम यान थेट त्याच्याकडेच आला. "काचेपलीकडून तुझं ऐकलं होतं ना, त्या पहिल्या दिवशी! तेव्हापासून ती थरथर मला खोटी वाटायला लागली. तू असं का वाजवत नाहीस आता?"

रेवणला त्याचा गळा धरावासा वाटला. स्वतःचा सरळ सूर हवा होता त्याला, परत, आत्ता.

"माझी चाचणी हाय," तो म्हणाला. फेटा सारखा करून त्याने डबीतून नवी पत्ती काढली आणि दाढेखाली धरली.