पेटीतलं पान

ट्रेव्हर पहिल्यांदा आला तो थेट माझ्या टेबलावर आंब्याची पेटी ठेवून. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात निर्यातीचे कागद होतात, आंबे विकत नाहीत, हे या माणसाला कोण सांगणार...

"मॅडम, हे परदेशात पाठवायचेत."

"पेटी उचला. आधी कागद दाखवा."

"कागद नाहीत, आंबे आहेत. चाखून तर बघा."

"सरकार चाखत नाही."

तो हसला. मेला असा काही हसला, की मी उगाच कीबोर्ड बडवायला लागले.

मग त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. कोलशेतला त्याची छोटीशी पॅकिंगची शेड. तो आणि त्याची आई ॲडेलिन, दोघंच चालवायचे. मी त्याला फायटो समजवायची — म्हणजे पेटीत कीड नाही, माती नाही, पान नाही, असं सरकारी प्रमाणपत्र. हा आपला माझ्याकडेच बघत बसायचा.

"काय सांगितलं मी आत्ता?"

"पान नाही."

"आणि?"

"आणि... संचिता रागावली की नाक लाल होतं."

कपाळ माझं. पण पडले प्रेमात, चांगली तोंडावर पडले.

"हा पहिला माल पोचू दे," एका संध्याकाळी तो म्हणाला, "मग येतो तुझ्या बाबांना विचारायला." ख्रिस्ती जावई म्हटल्यावर आमच्या घरी रामायण होणारच होतं. पण धंदा उभा असला की माणूस मान वर करून बोलतो ना.

माल पोचला, आणि तिथल्या तपासणीत पहिल्याच पेटीत झावळीच्या पात्याचा क्रूस सापडला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी फादर आशीर्वाद देऊन वाटतात, ती झावळी. पोराच्या मालाला कुणाची नजर लागू नये म्हणून ॲडेलिन आंटीनं गुपचूप आंब्यांखाली सरकवलेली. तिकडच्यांनी सगळा माल जाळला. इकडे शेडची निर्यातीची नोंदणी थांबली.

"खुलासा दे," मी म्हटलं. "पान कुणी ठेवलं, का ठेवलं. नोंदणी परत सुरू होईल."

"मम्मीचं नाव लिहू?"

"तिची सहीपण लागेल. शेड तिच्या नावावर आहे."

"म्हणजे तिला कळणार..." त्यानं खुलाशाचा कोरा कागद माझ्याकडे परत सरकवला. "नको. जन्मभर स्वतःला खात बसेल ती. मी सांगितलंय, माल वाटेत पिकून सडला. तूपण तेच सांगायचं. शपथ घे माझी."

"आणि आपलं काय रे?"

त्यानं माझा हात धरला. "जीव आहे तुझ्यावर... पण थांब म्हणायला तोंड नाही मला."

शेड भाड्यानं देऊन तो कतारला गेला, कुठल्याशा हॉटेलच्या किचनमध्ये. मी सोडायला गेले नाही. ऑफिसात बसून दुसऱ्या कुणाच्या डाळिंबांचा फायटो भरत होते. स्क्रीन दिसत नव्हती धड.

मग एका दुपारी ॲडेलिन आंटीच ऑफिसात आली. खुर्चीवर बसली, पाणीपण घेतलं नाही.

"खरं सांग पोरी. माल सडला म्हणून कोण घरदार सोडून जातो? आमचे आंबे काय पहिल्यांदा सडले? तू त्याला लग्नाला नाही म्हणालीस ना?"

ओठावर आलेलं सगळं. शपथ गेली खड्ड्यात, सांगून टाकावं... पण तिचे डोळे बघवत नव्हते.

"हो आंटी," मी म्हणाले. "मीच नाही म्हणाले."

मला वाटलं, शिव्या घालेल. तिनं फक्त रुमालानं तोंड पुसलं.

"एवढा वाईट होता काय गं माझा पोरगा?"