जुना दुभाष्या

मिरजेच्या दृष्टियंत्र केंद्रात केतकी शिराळकरने लाल सुताची लडी पद्माक्कांसमोर धरली आणि श्वास रोखून विचारलं, "हा रंग कोणता?"

"निळा," पद्माक्का म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पद्मा बोल्ली जन्मांध. सहाव्या वर्षी त्यांच्या मेंदूवर दृष्टिपट म्हणजे दृष्टी देणारी विजेची पट्टी बसवली गेली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा जग दिसलं. चष्म्यातला कॅमेरा जे पाहतो ते आकड्यांत सांगतो, आणि मेंदूला ती भाषा कळत नाही. म्हणून कानामागच्या डबीत एक चालकप्रणाली असते. जग तिला ड्रायव्हर म्हणतं, केंद्रातली मंडळी लाडाने दुभाष्या म्हणत. याच दुभाष्याच्या जोरावर पद्माक्का सोलापुरातल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर झाल्या होत्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय तिथे एकही लडी कढईबाहेर निघत नसे.

गेल्या आठवड्यात ती डबी कायमची बंद पडली. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. केतकीने स्वतः लिहिलेला नवा दुभाष्या घालून नवी डबी बसवली, आणि आता हे असं झालं होतं.

"हिरवी लडी?" केंद्रप्रमुख डॉ. मुजावरांनी कारखान्यातूनच आणलेली दुसरी लडी उचलून विचारलं.

"ती हिरवीच हाय की. पण आभाळ लाल दिसायलंय ओ! लेकीच्या लग्नाच्या साडीचं सूत मीच रंगवणार म्हणून बसलेय. आता कुठल्या तोंडानं रंगवू?"

केतकीने पडद्यावर रंगांच्या सगळ्या सेटिंग्ज उघडल्या. उजेड वाढवला, गडदपणा कमी केला. "आता जरा उजळ निळा," पद्माक्का म्हणाल्या. रंगछटेचा काटा फिरवला की लाल जागेवर यायचा, पण हिरवा पळून जायचा. घोंगडं एकीकडून ओढावं तर दुसरीकडून पाय उघडे, तशातली गत. नव्या दुभाष्याचं भाषांतर तर पडद्यावर चोख दिसत होतं. लाल ते लाल, निळं ते निळं.

"जुनाच दुभाष्या शोधायला हवा," केतकी म्हणाली. तिला ते बोलताना वाईट वाटलं, कारण नव्यावर तिचा फार जीव होता.

शोधाशोध सुरू झाली. जुन्या ड्रायव्हरच्या नावाने इंटरनेटवर दुकानं मांडून बसलेले ढीगभर. 'इथे दाबा' म्हणून दाबावं, तर पदरी पडणार केस वाढवायच्या तेलाची जाहिरात. केतकी पार वैतागली. तिने डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकलं, तेव्हा नाकासमोर एक धुळकट डबी होती. डॉक्टर ती कागदांवर वजन म्हणून ठेवत.

"सर, हे काय आहे?"

"त्या कंपनीने तेव्हा दिलेला नमुना. का गं?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" केतकी किंचाळलीच. तिने डबीला वीज जोडली. हिरवा दिवा लुकलुकला. आत दुभाष्या जिवंत होता!

तिने डबी चाचणीच्या कॅमेऱ्याला आणि पडद्याला जोडली, लाल लडी समोर ठेवली. पडद्यावर लडी उमटली ती निळीशार. केतकीचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत दुभाष्याही बिघडला म्हणायचा.

तेवढ्यात पद्माक्का पडद्याकडे बोट दाखवत खुर्चीतून ताडकन उठल्या. "ह्योच! ह्योच माझा लाल!"

"अहो, पडद्यावर निळं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"तुमाला काय बी दिसू द्या. मला लाल दिसायलंय!"

केतकीने जुन्या दुभाष्याच्या सूचना उघडून वाचल्या आणि ती आनंदाने टेबलावर हात आपटू लागली. "सर, कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचे आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने देतो. हा पठ्ठ्या ते निळा, हिरवा, लाल असे वाचतो! हिरवा मधला, म्हणून तो शाबूत. लाल आणि निळ्याची मात्र अदलाबदल."

"म्हणजे या आयुष्यभर कुंकू निळं पाहतायत? आणि कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? लहानपणी आईने कुंकू दाखवून सांगितलं, 'हा लाल.' आत जे उमटलं त्याला या लाल म्हणायला शिकल्या. आत काय उमटलं ते आईला थोडंच दिसत होतं?"

"मग नवाच ठेवू," डॉक्टर म्हणाले. "निदान आता तरी खरे रंग शिकू देत."

केतकीला तो सल्ला मनापासून आवडला. तिचा दुभाष्या बरोबर ठरला होता! पण तिने पद्माक्कांकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचा बरोबर असंल," पद्माक्का हात जोडून म्हणाल्या. "पण माझी सगळी अक्कल जुन्या रंगात हाय. मला माझा लाल द्या."

केतकीने अभिमान गिळला आणि जुना दुभाष्या त्यांच्या डबीत भरला. पद्माक्कांनी लडी उचलली, खिडकीशी नेली, उलटसुलट केली. "लाल! आन् रंगात एक बुडी कमी पडलीय. माझ्यामागं ही कढईतनं कुणी काढली?" त्या लहान मुलीसारख्या हसत सुटल्या, आणि केतकीचेही डोळे भरून आले.

डॉक्टरांना मात्र राहवेना. त्यांनी निळ्या लडीचं मघाचं चित्र तसंच थांबलेला पडदा पद्माक्कांकडे वळवला. "अक्का, एकदा बघून घ्या. तुम्हाला लडी खरं तर अशी दिसते."

पद्माक्कांनी वाकून पाहिलं. "अशी? छ्या! ही तर निळी दिसायली. मघाशी बरी होती की ओ. डॉक्टर, तुमचा पडदा बिघडला, तेवढा दुरुस्त करून घ्या."

डॉक्टर पडद्याची बटणं चाचपू लागले. केतकीने त्यांचा हात धरला. पडद्यावरचं निळं जुन्या दुभाष्याने पुन्हा उलटवून, लाल करून आत नेलं होतं, आणि पद्माक्का त्यालाच जन्मभर निळं म्हणत आल्या होत्या. त्यांचं आत त्यांना दाखवू शकेल असा पडदा बनवताच येणार नव्हता.

"तुमाला ही कशी दिसती ओ?" पद्माक्कांनी हातातली लडी तिच्यापुढे धरली.

"लाल," केतकी म्हणाली. तिलाही तो शब्द आईनेच शिकवला होता.