भागीरथी आत्याचं दार

खारघरच्या सोसायटीत त्या रात्री वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आणि वरच्या मजल्यांवरच्या तरुण मंडळींना खाली बसून श्यामसुंदरकाकांचं ऐकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. काकांनी आधीच बजावलं, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर ती गुदरली तो मितेश त्यांच्याच समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा.

२०२५ सालची अठरा जानेवारी, शनिवार, रात्रीचे साडेदहा. रुतिकानं, म्हणजे बायकोनं, मितेशला विरजणासाठी दही आणायला पिटाळलं होतं. तो निघाला तो तरंगतच. त्यानं एकट्यानं बनवलेला मोबाइलवरचा गेम त्या दुपारी एका यूट्यूबवाल्यानं खेळून दाखवला होता, आणि दोन महिने ज्याला कुत्रं विचारत नव्हतं तो गेम संध्याकाळपर्यंत वीस हजार फोनांत जाऊन बसला होता. गेम तरी केवढा, दहा मिनिटांचा. अंधारं कौलारू घर, बंद दार. दारावर बोट मारत राहायचं. प्रत्येक टकटकीला आत खाट कुरकुरते, पावलं फरफटत दाराशी येतात, म्हातारा आवाज विचारतो, "कोन हाय?" शंभर टकटकी झाल्या की दार उघडतं आणि भूत अंगावर येतं.

भूत कॉम्प्युटरवरचं. आवाज मात्र खरा, खाटेसकट. जवळच्याच नावडे गावातली भागीरथी आत्या. आई गेल्यावर तिनंच मितेशला वाढवलं. एकदा गंमत म्हणून त्यानं बाहेरून तिचं दार वाजवलं होतं आणि सगळं फोनवर टिपून ठेवलं होतं. आता तिला जाऊन आठ महिने झाले होते. आवाज वापरण्याआधी कुणाला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दह्याची पिशवी हातात घेतली आणि फोन वाजला. गोजरामावशी, आत्याची शेजारीण. तिला गेम ठाऊक नाही, यूट्यूब ठाऊक नाही.

"मितेश, आत्याचे घरान कोनाला ठेवलंस तू?" ती म्हणाली. "दुपारपासून खाट वाजते. आता तं थांबतच नाय."

घराला कुलूप होतं. किल्ली मितेशकडेच.

त्यानं तशीच स्कूटर नावड्याकडे काढली. दही हँडलला लोंबतंय. कुणी हसलं, तसे काका म्हणाले, हसू नका, घाबरलेल्याला दही ठेवून यायचं सुचत नाही. वाटेत थांबून त्यानं गेम स्टोअरवरून काढून टाकला. पण त्यानं काय होणार? नवा कुणाला मिळणार नव्हता, एवढंच. ज्यांच्या फोनात गेला होता, त्यांची बोटं चालूच होती.

सव्वाअकरा. मावशी आत्याच्या ओट्यावर बसलेली. तिनं दाराकडे बोट केलं. कुलूप जागच्या जागी.

आत खाट कुरकुरली.

पावलं... फरफट... दारापाशी.

"कोन हाय?"

मितेशनं खिशातला फोन चाचपला. पडदा काळा, आवाज त्यातला नव्हता.

पावलं वळली. खाटेपर्यंत पोचली नाहीत... पुन्हा दाराकडे. पुन्हा वळली. पुन्हा दाराकडे. आता धाप ऐकू येत होती. गुडघे धरले की आत्या भिंतीला हात लावून चालायची. तो हात भिंतीवरून घासत होता. वीस हजार माणसं दार वाजवत होती आणि म्हातारी प्रत्येकासाठी उठत होती.

"नाव सांग तिला," मावशी हळूच म्हणाली. "रातचं दार वाजवलं न् नाव नाय सांगितलं, तं तुजी आत्या कवा झोपलीय?"

मितेशनं दाराला कपाळ टेकलं.

"मी हाय आत्या. मितेश..."

आत सगळं थांबलं.

"दुसरं कोन नाय. आता वाजलं तरी उठू नको."

त्यानं कपाळ तसंच टेकून ठेवलं.

लाकडापलीकडे, अगदी कपाळाशी, श्वास चालू होता. एक... दोन...

मग तोही नाही.

दोघं उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. खाट वाजली नाही. सकाळी मितेशनं कुलूप काढलं, दार ढकललं. हलेना. गावातल्या चौघांनी खांदा लावला, तरी नाही. शेवटी सुतार कौलं काढून आत उतरला. घरात कुणी नव्हतं. त्या घराला दुसरं दारही नाही.

मग एकीनं विचारलं, दार का उघडत नव्हतं?

"आतून कडी लावलेली होती," काका म्हणाले.