शुक्रवारचा गोल

"अपेक्षा, तुझ्या आईला सांग, चहा ओतलाय!"

इंदूनं हे सांगितलं तेव्हा अपेक्षाची आई, म्हणजे इंदूची सख्खी धाकटी जाऊ पूजा, हातभर अंतरावर त्याच गॅसपाशी उभी राहून तांदळाची भाकरी भाजत होती! आठ वर्षांच्या अपेक्षानं एकदा मोठ्या आईकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि सवयीनं निरोप पोचवला. "आई, चहा ओतलाय." पूजानं तव्यावरची भाकरी उलटली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मोठ्या आईला सांग, घेते म्हणावं." पोरीनं तोही निरोप पोचवला आणि दप्तर उचलून बाहेर जाऊन बसली.

आता या दोघींना काय म्हणावं! पेणच्या रामवाडीत लहान मुलांची शाळा चालवणाऱ्या या दोघी जावा. घरात धाकटीनं थोरलीला 'वहिनी' म्हणायचं आणि शाळेत पोरांनी दोघींनाही 'ताई' म्हणायचं, असा शिरस्ता. त्यांच्या शाळेत छडी नाही, परीक्षा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पोरं चिंचोके मांडून हिशेब शिकतात, शाडूच्या मातीची अक्षरं वळतात. आणि भांडण झालं, तर अबोला धरायचा नाही, बोलून मोकळं व्हायचं, हे तर तिथलं पहिलं शिक्षण! अन् तेच शिकवणाऱ्या या दोघी, गणपती गेल्यापासून दिवाळी तोंडावर आली तरी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

आणि हा शुक्रवार इंदूचा शाळेतला शेवटचा दिवस होता. ते ठाऊक होतं फक्त तिच्या नवऱ्याला, सुशीलला. रोहा हे तिचं माहेर. तिथल्या महिला मंडळानं बालशाळा सुरू करायला तिला बोलावलं होतं. दिवाळीनंतर भावाकडे, सखाकडे राहायचं, तिथंच शिकवायचं, आणि या घरात परत म्हणून पाऊल टाकायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"पूजाला सांगितलंस?" कंपनीच्या शिफ्टला निघता निघता सुशीलनं विचारलं होतं.

"मी तिच्याशी बोलत नाय."

"मग रोह्याला जाऊन कुणाशी बोलणारेस?"

"तुम्ही गप बसा! शिफ्टला उशीर होतोय." असं म्हणून इंदूनं डबा त्याच्या हातात कोंबला, आणि तो वळल्यावर मात्र पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

खरं सांगायचं तर ही शाळा इंदूच्या पडवीत जन्मली होती. लग्नानंतर वर्षं सरली, कूस उजवली नाही. तेव्हा आजूबाजूची, आईबाप मिठागरावर गेलेली पोरं तिनं पडवीत गोळा केली आणि आपलं सारं साठलेलं वात्सल्य त्यांच्यावर ओतलं. मूल आपल्या बोलीत जे बोलेल, तेच ती फळ्यावर लिहायची आणि तोच त्याचा पहिला धडा व्हायचा. मग पूजा सून होऊन आली, हुशार, तडफदार. दोघींनी मिळून पडवीची शाळा केली. चौथीपर्यंत वर्ग काढायचे ठरले तेव्हा निदान एकीनं तरी डी.एड. करायला हवं होतं. दोघी गेल्या असत्या तर शाळा कोण बघणार, आणि पूजाच्या मांडीवरच्या तान्ह्या अपेक्षाला कोण सांभाळणार? "तू जा गो," इंदू हसत म्हणाली होती. "मला कुठला अभ्यास जमतोय आता!" पूजा पहिल्या एस.टी.नं अलिबागला जायची ती दिवेलागणीला परतायची, आणि तोवर अपेक्षा इंदूच्या कडेवर... तिथंच ती रांगली, तिथंच बोलायला शिकली. मोठी आई, मोठी आई!

आणि त्या पूजानं, मुख्याध्यापिका झालेल्या पूजानं, गणपतीनंतरच्या बैठकीत कागदांतून मान वर न करता सांगितलं होतं, "यापुढे इंदूताई शिशुवर्ग बघतील. पहिली मी घेईन. मुलं शाळेत आगरी बोलतात अशा पालकांच्या तक्रारी आहेत." सगळ्या शिक्षकांच्या देखत! इंदू नुसतं "बरं" म्हणाली होती. पण काळजात काहीतरी तटकन तुटलं होतं... एवढं तरी घरी, चुलीपाशी बसून सांगायचं होतंस गो! मी काय परकी होते?

शाळेत शुक्रवारी दुपारी गोल भरायचा. मुलं, ताया, दादा, सगळे एकाच सतरंजीवर मांडी घालून बसायचे; ज्याच्या हातात नारळाची करवंटी त्यानंच बोलायचं. गोलाचे नियम साधे होते. ज्याला तक्रार सांगायची, त्यानं आधी आपली चूक सांगायची. शिक्षा कुणाला नाही, फक्त भरपाई. आणि रागानं गोल सोडून कुणी उठून जायचं नाही. त्या आठवड्याची गोलप्रमुख होती चौथीतली मनाली, गडब गावाहून येणारी, तोंडाची भारी फटकळ.

"कुणाची तक्रार?" तिनं विचारलं.

अपेक्षानं हात वर केला. करवंटी तिच्याकडे गेली.

"माझी चूक ही, की मी काल आईचा निरोप मोठ्या आईला सांगितलाच नाय. मुद्दाम. मना कंटाळा आलाय! घरात निरोप, शाळेत निरोप. रंग संपले, सांग. चावी कुठाय, विचार. या दोघी आम्हाला सांगतात बोलून भांडण मिटवा, आणि आपण बोलतच नायत. आमी काय पोस्टमन हाव?"

पोरं खो खो हसली. कोपऱ्यातला नितेशदादा, जो मुलांना हस्तकला शिकवायचा, तो कसानुसा होऊन उठला. "चला रे, आज लवकर सुट्टी! पटांगणात..."

"बस, नितेश," पूजा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. "गोल सुरू आहे. मोठ्यांची तक्रार आली म्हणून गोल मोडला, तर उद्या या मुलांनी आपलं का ऐकावं?"

इंदूनं चमकून तिच्याकडे पाहिलं. कितीही राग असो, त्या क्षणी तिला पूजाचा अभिमान वाटला... ही माझी पूजा! मग लगेच आपलाच राग आला.

करवंटी पूजाच्या हातात आली. तिनं ती उगाच फिरवली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"माझी चूक..." ती थांबली. सगळी शाळा कान टवकारून बसली होती. "पालकांच्या तक्रारी आल्यात असं मी सांगितलं. एकही पालक आला नव्हता. मी खोटं बोलले."

"मग कनाला?" करवंटीचा नियम विसरून इंदू एकदम बोलून गेली! कितीतरी दिवसांनी पूजाशी बोललेला तिचा पहिला शब्द तो.

"कारण माझी मुलगी पडली की तुमच्याकडे धावते!" पूजाचा बांध फुटला. "ताप आला की तुमच्याकडे, स्वप्नात घाबरली की तुमच्याकडे... मी समोर उभी असते, वहिनी, आणि ती मला ओलांडून जाते! ती बोलते तुमच्यासारखी, हसते तुमच्यासारखी. घरात मला तुमच्याशी भांडता येईना, कारण तुमचे उपकार मोठे. मग शाळेत माझ्या हातात होतं, ते मी वापरलं. तुमचा वर्ग काढून घेतला. माझ्यासारखी कृतघ्न बाई..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. शिशुवर्गातली एक चिमुरडी उठली आणि आपल्या झग्यानं तिचे गाल पुसू लागली.

करवंटी हातोहात इंदूपाशी आली. आता हिशेब चुकता करायची वेळ होती, नाही का? किती दिवस तिनं मनात वाक्यं घोटली होती! पण आधी आपली चूक सांगायची, हा नियम गोलात आणला होता तो खुद्द तिनंच, आणि तो या घटकेला तिच्याच मानगुटीवर बसला. आपली चूक? आपली कसली चूक? आपण तर आयुष्यभर दिलंच... असं म्हणता म्हणता तिच्या अंतःकरणाच्या तळाशी, जिथं ती स्वतःही कधी उतरली नव्हती, तिथं काहीतरी हललं.

"मी पण खोटं बोलले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मला अभ्यास जमत नाय, असं सांगितलं होतं. मला जायचं होतं गो पूजा. लय जायचं होतं! तू सकाळच्या एस.टी.त चढायचीस तेव्हा मी या पोरीला छातीशी धरून फाटकात उभी राहायचे आणि वाटायचं, त्या पुस्तकांत काय असेल... आणि मग मनातल्या मनात मी वाटणी करून टाकली. शिक्षण तुला, पोर मला. कुणाला न विचारता. ती तुला सोडून माझ्याकडे धावायची ना, तेव्हा मला दिसायचं तुझं तोंड. दिसायचं! आणि मला बरं वाटायचं. देवा रे, मला बरं वाटायचं!"

अपेक्षा उठली. नाक लाल, मुठी आवळलेल्या.

"म्हंजे भांडण माझ्यावरून हाय?" ती ओरडली. "मना वाटून घेऊ नका! मी काय चिंचोके हाय? मना दोघी पायजेत. आणि दोघी बोलणाऱ्या पायजेत!"

ती रडू लागली तशा दोघी एकदम उठल्या, आणि एकदम थांबल्या. तू जा... नाही, तुम्ही जा... डोळ्यांनीच! शेवटी इंदूनं पूजाचा दंड धरून तिला पुढे ओढलं आणि दोघींनी मिळून त्या पोरीला कवटाळलं. कुणाचे अश्रू कुणाच्या खांद्यावर पडत होते ते कळत नव्हतं. नितेशदादा खिडकीबाहेर बघत जोरजोरात नाक शिंकरत होता.

"बरं, भरपाई काय?" मनालीनं कामाचं विचारलं. तिला गडबची गाडी गाठायची होती.

इंदूनं डोळे पुसले. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. "भरपाई राहू द्या, बाळांनो. आज माझा शेवटचा दिवस. दिवाळीनंतर मी रोह्याला चाललेय. तिथं शाळा काढायचीये."

एकच कालवा उठला. पूजा तर खाली बसलीच. मनालीनं करवंटी सतरंजीवर आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि कमरेवर हात ठेवून इंदूसमोर उभी राहिली. "रागानं चाललीस काय?"

"...व्हय."

"मग नाय जायचं. रागानं गोल सोडायचा नाय. राग गेला की जा."

"गेला का?" शिशुवर्गातून एक बारीक आवाज आला.

इंदूनं खरोखर आत डोकावून पाहिलं. मुलांशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "थोडा हाय अजून," ती म्हणाली.

"मग मला बोलू द्या," पूजा म्हणाली आणि सगळ्या गोलाच्या मधोमध येऊन तिच्या पुढ्यात बसली. "वहिनी, पहिली तुमची. ती तुमचीच होती. मी घेऊन पाहिली, मुलं नुसती मान डोलवतात. तुमच्यापाशी ती बोलतात. मूल सांगेल ते ऐकून लिहायचं, हे मला अजून येत नाही. मला शिकवा. आणि रोह्याची शाळा... ती सोडू नका! ती व्हायलाच हवी. पण घर मोडून नको. आपण दोघी जाऊ. आठवड्यातून दोन दिवस. इथलं नितेश बघेल."

"मी?" नितेशदादा दचकला.

"तूच! आणि वहिनी, ज्या पुस्तकांसाठी तुम्ही फाटकात झुरलात, ती सगळी अजून माझ्या कपाटात आहेत. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम मुक्त विद्यापीठातून करता येतो. स्वयंपाकाचं, घराचं मी बघेन. या खेपेला तुम्ही शिकायचं. नाही म्हणालात तर... तर मी पुन्हा अबोला धरेन!"

इंदू रडता रडता फस्सकन हसली. "आणि प्रविणभावजींच्या जेवणाचं काय? तुझ्या हातची आमटी खाऊन तुझा नवरा घर सोडून जाईल!"

"जाऊ देत," पूजा म्हणाली. "त्यांना शिकवू भाकऱ्या थापायला."

"आता गेला?" मनालीनं विचारलं.

"गेला गो बाय. पार गेला!" इंदू म्हणाली, आणि साऱ्या शाळेनं इतक्या टाळ्या पिटल्या की शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

दिवाळी आटोपल्यावर दोघी रोह्याच्या एस.टी.त बसल्या, त्या नागोठणं मागे पडलं तरी वर्गात फळा कुठल्या भिंतीवर लावायचा यावरून तावातावानं भांडतच होत्या. आसपासचे लोक वैतागले. या दोघींना मात्र त्या भांडणाची गोडी काय वर्णावी! मंडळाच्या दारात बायका आपापली पोरं घेऊन उभ्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी आईच्या पदरात तोंड लपवत होतं.

"तुमच्यात मोठ्या बाई कोण?" एकीनं विचारलं.

"या," पूजा चटकन म्हणाली. "मी यांच्या हाताखाली शिकते."

त्या बाईनं इंदूला खालवर न्याहाळलं आणि बायकांच्या रीतीनं सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती गो?"

इंदूच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकली. सारा जन्म या एका प्रश्नासमोर ती मान खाली घालत आली होती. ती काही बोलणार, तोच पूजानं तिचा हात घट्ट धरला.

"एक मुलगी आहे आम्हाला," ती म्हणाली. "तिसरीत शिकते."

"आम्हाला?"

"व्हय," पूजा भर दारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आम्हाला. दोघींना मिळून!"

बाई बुचकळ्यात पडली. इंदूच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण मान ताठ होती आणि चेहरा आनंदानं नुसता उजळून निघाला होता.

"सांगते सगळं, निवांत सांगते," ती म्हणाली. "आधी पोरांना आत घेऊ या. केव्हाची उन्हात उभी हायत बिचारी."